लहानांसाठी लहान टेनिस

टेनिसचे मैदान २३.७७ मीटर लांब आणि एकेरी खेळासाठी ८.२३ मीटर रुंद असते. विंबल्डनची पहिली स्पर्धा १८७७ साली भरली, त्या वेळी ही मापे ठरली आणि आजतागायत ती बदललेली नाहीत. जाळीची उंची मात्र त्यानंतरच्या काही वर्षांत कमी होत गेली व मध्यभागी ९१.४ सेंटिमीटरवर येऊन स्थिरावली. ही मापे ठरविणारे प्रौढ इंग्रज पुरुष होते आणि त्यांच्या डोळ्यांपुढे असलेले खेळाडूही प्रौढच होते. सहा वर्षांच्या मुलाने हा खेळ खेळावा, असे त्या काळी कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. पुढे मुले हा खेळ खेळू लागली. परंतु मैदान, जाळी आणि चेंडू ही तिन्ही मोठ्या माणसांचीच राहिली.

याचा अर्थ काय होतो, हे साध्या त्रैराशिकाने समजते. सहा वर्षांच्या मुलाची उंची साधारणपणे ११५ सेंटिमीटर असते. म्हणजे नेहमीची जाळी त्याच्या खांद्यापर्यंत पोहोचते. त्याच प्रमाणात १७५ सेंटिमीटर उंचीच्या माणसासाठी जाळी बांधायची झाली, तर ती जवळजवळ १३९ सेंटिमीटर उंच बांधावी लागेल आणि मैदान ३६ मीटर लांब आखावे लागेल. असल्या मैदानावर उत्तमातला उत्तम खेळाडूदेखील चेंडू कसाबसा पलीकडे ढकलीत राहील, आणि पाहणारे त्याला अडाणी ठरवतील. लहान मुलाकडून नेमकी हीच अपेक्षा केली जाते आणि ती पूर्ण झाली नाही, म्हणजे ‘याला खेळाची जाण नाही’ असा निवाडा दिला जातो.

म्हैसूर शहराला टेनिस अपरिचित नाही. २०२३ साली म्हैसूर टेनिस क्लबच्या मैदानांवर पुरुषांची आंतरराष्ट्रीय खुली स्पर्धा झाली. देशपातळीवर खेळणारा एस. डी. प्रज्वल देव हा याच शहरातला. शेजारच्या कोडगू जिल्ह्यातील रोहन बोपण्णा याने २०२४ साली, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, ऑस्ट्रेलियन खुल्या स्पर्धेत मॅथ्यू एब्डन याच्यासह पुरुष दुहेरीचे अजिंक्यपद मिळविले. अशा वातावरणात पाच-सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून प्रशिक्षकाकडे येणारे आईवडील असणारच. (बोपण्णा स्वतः टेनिसकडे वळला तो अकराव्या वर्षी, ही गोष्ट मात्र त्या आईवडिलांच्या सहसा कानावर गेलेली नसते.) प्रश्न असा, की त्या मुलाच्या हाती आणि त्याच्या पुढ्यात नेमके काय ठेवायचे?

नेहमीचे चित्र कोणत्याही गावी सारखेच असते. मैदानाच्या एका बाजूस दहाबारा मुलांची रांग उभी असते. जाळीजवळ टोपलीभर चेंडू घेऊन प्रशिक्षक उभा असतो. तो एकेक चेंडू टाकतो. मूल एक फटका मारते आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहते. दर पाच सेकंदांना एक चेंडू टाकला, तरी बारा मुलांच्या रांगेत प्रत्येकाच्या वाट्यास मिनिटाला एकच फटका येतो. चेंडू गोळा करण्यात जो वेळ जातो तो यातून वजा करावयाचा. तासाभरात चाळीस-पंचेचाळीस फटके, त्यातले निम्मे जाळीत अथवा कुंपणाबाहेर, आणि परत आलेला चेंडू एकही नाही. परत येणारा चेंडू हाच तर टेनिसचा प्राण! पलीकडच्याने काय केले हे पाहून आपण काय करावे हे ठरविणे, यातच या खेळाची गोडी आहे. रांगेतल्या मुलाला ती महिनोन्‌महिने चाखावयास मिळत नाही. पुष्कळ मुले तेवढा काळ थांबत नाहीत आणि ती थांबली नाहीत याचा दोष त्यांना देता येत नाही.

दोष कोठे आहे हे शोधू लागले, की प्रथम चेंडूकडे पाहावे लागते.

नेहमीचा पिवळा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण पृष्ठभागावर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. म्हणजे ज्या उंचीवरून तो पडतो तिच्या निम्म्याहून किंचित अधिक तो वर येतो. दोन मीटर उंचीच्या चापातून येणारा, म्हणजे मुलांच्या खेळात अगदी सामान्य असलेला चेंडू टप्पा पडल्यावर १०६ ते ११६ सेंटिमीटर उसळतो. सहा वर्षांच्या मुलाच्या ती डोक्याची उंची होय. डोक्याच्या पातळीवर आलेल्या चेंडूला फटका मारावयाचा तर मुलापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर मागे धावत जाऊन चेंडू खाली येण्याची वाट पाहणे, नाही तर रॅकेटची मूठ हातात फिरवून, मनगट वाकवून, वरच्या वर चेंडू थोपविणे. हुशार मूल दुसरा मार्ग पत्करते. त्याची पकड अशी बसते, की पुढे उंची वाढल्यावर तोच हात खालचा चेंडू उचलावयास नकार देतो. मग प्रशिक्षक ती पकड मोडण्यासाठी दोन वर्षे खर्च करतो. वास्तविक मुलाने काहीच चूक केलेली नसते. समोर आलेल्या अडचणीवर त्याने त्याच्या परीने योग्य तोच तोडगा काढलेला असतो.

यात म्हैसूरची आणखी एक बारीकशी भर आहे. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसलेले आहे. तेथील हवा मुंबई किंवा चेन्नईच्या हवेपेक्षा सुमारे सात टक्के विरळ असते. चेंडूला होणारा तिचा अडथळा तितकाच कमी असतो. उंचावरच्या मैदानांसाठी वेगळा चेंडू वापरण्याची तरतूद नियमांत आहे, परंतु ती १,२१९ मीटरांच्या वर लागू होते. मोठ्या खेळाडूला हा फरक दोन दिवसांत अंगवळणी पडतो. ज्याला आधीच वेळ पुरत नाही, अशा मुलाला मात्र तो चेंडू अधिकच घाईने अंगावर आल्यासारखा वाटतो.

चेंडूनंतर रॅकेट. नेहमीच्या रॅकेटची लांबी सुमारे ६८.५ सेंटिमीटर असते. सहा वर्षांच्या मुलाच्या बेंबीच्याही वर तिचे टोक येते. जुन्या लाकडी रॅकेटी पावणेचारशे ग्रॅम किंवा त्याहून जड असत, आणि घरात थोरल्यांची जुनी झालेली रॅकेट धाकट्याच्या हाती देण्याची रीत होती. ‘मूठ वर धर’ एवढा एकच उपदेश त्यासोबत केला जाई. मूठ वर धरली म्हणजे दांडीचे मागचे टोक पोटाला अडते आणि बॅकहँडचा फटका पुरा होत नाही, हे ज्यांनी तसे करून पाहिले त्यांनाच ठाऊक. आज ४३ ते ५८ सेंटिमीटर लांबीच्या हलक्या रॅकेटी सहज मिळतात, त्यामुळे हा प्रश्न तुलनेने सुटला आहे. चेंडूचा आणि मैदानाचा प्रश्न मात्र दुकानात जाऊन सुटत नाही, कारण त्यासाठी मोठ्यांना आपला विचार बदलावा लागतो.

तो बदल प्रथम स्वीडनमध्ये झाला. तेथे १९७० नंतरच्या दशकात मऊ चेंडू, छोट्या रॅकेटी आणि बॅडमिंटनच्या मैदानाएवढी जागा घेऊन मुलांना टेनिस शिकविण्यास सुरुवात झाली. पाठोपाठ ब्रिटनने हाच प्रकार ‘शॉर्ट टेनिस’ या नावाने स्वीकारला. त्याची जाळी ८० सेंटिमीटर उंच असे, चेंडू स्पंजाचा असे आणि रॅकेटी प्लॅस्टिकच्या असत. शाळांच्या व्यायामशाळांत, पावसाळी दुपारी, हा खेळ भलताच लोकप्रिय झाला. तरीही पुष्कळ वर्षे त्याच्याकडे खऱ्या खेळाआधीची करमणूक म्हणूनच पाहिले गेले. स्पंजाच्या चेंडूवरून मूल एकदम पिवळ्या चेंडूवर जाई आणि मधल्या दरीत पडे. ही दरी भरून काढण्यासाठी पायऱ्या बांधाव्या लागतील, हे हळूहळू ध्यानात आले.

आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ साली या पायऱ्या निश्चित करून त्यांचा जगभर प्रसार सुरू केला. पहिली पायरी लाल चेंडूची. हा चेंडू आकाराने नेहमीपेक्षा मोठा, वजनाने हलका आणि सुमारे ७५ टक्के संथ असतो. २५४ सेंटिमीटरवरून सोडला असता तो ९० ते १०५ सेंटिमीटरच उसळतो. मैदान सुमारे ११ ते १२.८ मीटर लांब व ४.३ ते ६.१ मीटर रुंद असते. जाळी ८० सेंटिमीटरच्या आसपास. दुसरी पायरी नारिंगी चेंडूची. तो ५० टक्के संथ असून मैदान सुमारे १८ मीटर लांब असते. तिसऱ्या पायरीवर मैदान पूर्ण आकाराचे, परंतु चेंडू हिरवा, म्हणजे २५ टक्के संथ. वयाच्या दृष्टीने पाहता लाल पायरी साधारणतः पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी, नारिंगी आठ ते दहांसाठी आणि हिरवी त्यानंतरच्या वर्षा-दोन वर्षांसाठी आहे. यानंतर महासंघाने खेळाचा नियमच बदलला. १ जानेवारी २०१२ पासून दहा वर्षांच्या व त्याखालील मुलांच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू वापरता येत नाही. टेनिससारख्या परंपराप्रिय खेळाच्या नियमांत बदल क्वचितच होतात, हे लक्षात घेतले म्हणजे या निर्णयाचे महत्त्व कळेल.

मघाचे त्रैराशिक लाल चेंडूला लावून पाहावे. दोन मीटरवरून पडलेला लाल चेंडू ७१ ते ८३ सेंटिमीटर उसळतो. सहा वर्षांच्या मुलाच्या कंबरेपासून छातीपर्यंतची ही उंची होय. प्रौढ खेळाडू आपला उत्तम फटका ज्या उंचीवर मारतो, तीच ही. मुलाला मनगट वाकवावे लागत नाही. हात आपोआप योग्य वाटेने जातो.

मैदान लहान झाल्याने जे घडते ते याहूनही मनोरंजक आहे. पूर्ण मैदानावर मागच्या रेषेपासून जाळीपर्यंत जवळजवळ बारा मीटर धावावे लागते. मूल जाळीपाशी जातच नाही. गेले तर डोक्यावरून चेंडू जातो आणि ते पुन्हा कधी जात नाही. मग वर्षानुवर्षे मागच्या रेषेवर उभे राहून चेंडू उंच उडवीत राहणे, एवढेच त्याचे टेनिस होऊन बसते. लाल मैदानात जाळी साडेपाच ते साडेसहा मीटरांवर असते. चारपाच पावलांत मूल तेथे पोहोचते, टप्पा पडण्यापूर्वीच चेंडू अडविते, प्रतिस्पर्ध्याला डावीकडे नेऊन उजवीकडे मारते, आखूड चेंडू टाकून फसविते. ज्याला जाणकार डावपेच म्हणतात ते सारे सहाव्या वर्षी करता येते. म्हणजे लहान मैदानावर मूल जे खेळते ते टेनिसच असते. मोठ्या मैदानावर ते जे करते त्याला टेनिस म्हणणे कठीण.

या विधानाला प्रयोगाचा आधार आहे. ऑस्ट्रेलियातील डेमियन फॅरो आणि मॅकार रीड यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ वर्षांच्या आसपासच्या नवशिक्या मुलांचे चार गट केले होते. एका गटाला मोठे मैदान व नेहमीचा चेंडू, एकाला लहान मैदान व संथ चेंडू, आणि उरलेल्या दोघांना याची मिश्रणे देण्यात आली. पाच आठवड्यांच्या सरावात मोठे मैदान व नेहमीचा चेंडू मिळालेल्या गटाला फटके मारण्याच्या संधीच कमी मिळाल्या आणि मारलेल्या फटक्यांतील यशही कमी आले. शिकविणारे तेच, वेळ तितकाच. फरक फक्त साधनांचा. पुढे २०१४ साली टिम बझार्ड व त्यांचे सहकारी यांनी संथ चेंडू आणि छोटी रॅकेट यांमुळे मुलांचा फोरहँड सुधारतो, असेच दाखवून दिले.

गल्लीतल्या पोरांना असल्या अभ्यासाची गरज कधीच पडली नाही. म्हैसूरच्या कोणत्याही जुन्या वस्तीत संध्याकाळी फेरफटका मारावा. क्रिकेट चाललेले असते. खेळपट्टी बावीस यार्डांऐवजी दहा पावलांची, चेंडू रबरी अथवा जुना टेनिसचा, यष्ट्यांच्या जागी वीट किंवा भिंतीवर ओढलेल्या तीन रेघा, आणि समोरच्या कुंपणापलीकडे थेट मारणारा बाद. चिन्नी-दांडू, म्हणजे आपल्याकडचा विटीदांडू, खेळताना लहान भिडूला दांडू आखूड मिळतो. मुले खेळ आपल्या मापाचा करून घेतात आणि त्यासाठी कोणाची परवानगी विचारीत नाहीत. टेनिस मात्र कुंपणाच्या आत, क्लबच्या देखरेखीखाली वाढले. रेषा पक्क्या आखलेल्या, जाळी लोखंडी खांबांना बांधलेली. तेथे मुलांना काही बदलण्याची मुभाच नव्हती. क्रिकेट गल्लीत उतरले आणि टेनिस उतरले नाही, यामागे पैशाइतकेच हेही कारण असावे.

दक्षिणेतील आणखी एक उदाहरण येथे आठवते. बॉल बॅडमिंटन हा खेळ तमिळ प्रदेशात जन्मला आणि कर्नाटकातील शाळा-महाविद्यालयांत चांगलाच रुजला. त्याचा चेंडू पिवळ्या लोकरीचा, २७ ते ३० ग्रॅम वजनाचा, म्हणजे टेनिसच्या चेंडूच्या निम्मा. हलका आणि संथ चेंडू घेऊन साध्या मातीच्या अंगणात रंगतदार खेळ होऊ शकतो, हे या खेळाने लाल चेंडू जन्माला येण्याच्या कितीतरी आधी सिद्ध केले होते. त्यात चेंडूचा टप्पा पडू द्यावयाचा नसतो, एवढा मोठा भेद आहे खरा. पण त्याचे मैदान २४ मीटर लांब आणि १२ मीटर रुंद असते, आणि ही मापे बालटेनिसच्या दृष्टीने फारच सोयीची आहेत. या मैदानाच्या आडव्या दिशेने १२ मीटर लांबीची तीन लाल मैदाने मोकळेपणाने बसतात.

जागेचा हा हिशेब लहानसा दिसला तरी सगळ्या विषयाचे मर्म त्यात आहे. एका पूर्ण टेनिस मैदानावर दोघे किंवा फार तर चौघे खेळतात. तेच मैदान आडवे विभागून त्यावर चार ते सहा लाल मैदाने आखली, तर आठ ते बारा मुले एकाच वेळी प्रत्यक्ष खेळतात. रांग उरत नाही. आणि टेनिसचे मैदान नसले तरी अडत नाही. बॅडमिंटनचे मैदान १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद, म्हणजे लाल मैदानापेक्षा थोडेसेच लांब असते. म्हैसूरमध्ये घरांच्या रांगांमधून जागोजागी उद्याने आहेत. प्लेगच्या साथीनंतर विसाव्या शतकाच्या आरंभी नगरसुधारणा मंडळाने ज्या नव्या वस्त्या वसविल्या, त्यांतील रस्ते रुंद आहेत. सरकारी शाळांपुढेही बहुधा एखादे सपाट अंगण असते. टेनिस क्लबचे सभासदत्व ज्यांच्या स्वप्नातही नाही, अशा घरांतली मुले या अंगणांत रोज खेळत असतात. त्यांच्यापर्यंत टेनिस न्यावयाचे असेल, तर दोन खांबांना बांधलेली दोरी, थोडी खडूची भुकटी, डझनभर लाल चेंडू आणि आठदहा छोट्या रॅकेटी एवढ्याने प्रारंभ होतो. दोरीवर जुनी लुगडी किंवा चादरी टाकल्या म्हणजे जाळीचे काम भागते. चेंडू दोरीखालून गेला की वरून, यावरचे भांडणही मिटते.

साधनांविषयी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. स्पंजाचा चेंडू बंदिस्त दालनात उत्तम. उघड्यावर वाऱ्याने तो भरकटतो आणि ओल्या जमिनीवर पाणी पिऊन जड होतो. अंगणासाठी लोकरी आवरणाचा लाल चेंडूच घ्यावा. दुसरे असे, की क्लबमध्ये वापरून दम गेलेले पिवळे चेंडू मुलांना देण्याची जी पद्धत आहे ती लाल चेंडूचा पर्याय नव्हे. जुना चेंडू उसळत नाही हे खरे, पण त्याचे वजन फारसे घटलेले नसते. छप्पन्न-सत्तावन्न ग्रॅमांचा तो निर्जीव गोळा रॅकेटवर आदळला म्हणजे कोवळ्या कोपराला हिसका बसतो. लाल चेंडू ३६ ते ४९ ग्रॅमांचा असतो. शिवाय बहुतेक लाल चेंडूंची उसळी आतल्या हवेच्या दाबावर अवलंबून नसल्यामुळे ते पुष्कळ दिवस टिकतात. शाळेच्या तुटपुंज्या खर्चात ही गोष्ट मोलाची ठरते.

शिकविण्याची सुरुवात रॅकेटने करावयाची नसते. पहिले काही दिवस चेंडू हातानेच खेळावा. दोघांनी समोरासमोर बसून तो जमिनीवरून घरंगळत द्यावा. मग उभे राहून एक टप्पा पाडून झेलावा. मग दोरीवरून टाकावा. टप्पा कोठे पडेल आणि चेंडू कोठपर्यंत येईल याचा अंदाज डोळ्यांना येणे, हेच टेनिसमधील सर्वांत अवघड कौशल्य आहे आणि ते रॅकेट नसतानाच उत्तम शिकता येते. खांद्यावरून चेंडू फेकण्याच्या हालचालीतच पुढे सर्व्हिस दडलेली असते. भोवरा फिरविणाऱ्या आणि लगोरी फोडणाऱ्या मुलांना ही हालचाल शिकवावीच लागत नाही. ज्या मुलांचा मोकळा खेळ बंद होऊन दूरदर्शन आणि मोबाइल सुरू झाला आहे, त्यांना मात्र ती आता मुद्दाम शिकवावी लागते.

त्यानंतर रॅकेट हाती द्यावी. चेंडू रॅकेटवर उडवीत ठेवणे, जमिनीवर आपटीत चालणे, आणि लगेच दोरीपलीकडच्या जोडीदारासह मोजणी: पाच वेळा चेंडू परत गेला, सात वेळा गेला, काल अकरा झाले होते. ही मोजणी मुलांना विलक्षण आवडते, कारण तीत दोघे एकमेकांविरुद्ध नसून एका बाजूला असतात. पकड आणि पायांची ठेवण यांविषयी थोडेच बोलावे. चेंडू योग्य उंचीवर येत असला म्हणजे त्यांतील बहुतेक गोष्टी आपसूक जागी बसतात. पहिल्या आठवड्यापासूनच छोटे सामनेही खेळवावेत. पंधरा, तीस, चाळीस ही गुणांची विचित्र चढण मागाहून सांगता येते. आरंभी सातापर्यंत किंवा दहापर्यंत साधी मोजणी पुरे. सर्व्हिस हवी तर खालून टाकावी. सर्व्हिस करणे, चेंडूची देवाणघेवाण करणे आणि गुण मोजणे ही तिन्ही पहिल्याच दिवशी व्हावीत, असा आग्रह जगभर धरला जातो तो याचसाठी. कन्नड माध्यमाच्या शाळेतील शिक्षिकेला यासाठी टेनिसची खेळाडू असण्याची आवश्यकता नाही. दहा दिवसांच्या मार्गदर्शनावर ती हे काम क्लबच्या प्रशिक्षकाइतकेच, कदाचित अधिक चांगले करील. कारण मुलांचे गट पाडणे, रुसलेल्याला समजाविणे आणि चाळीस मुलांकडे एकाच वेळी लक्ष ठेवणे हे तिचे रोजचेच काम आहे.

या पद्धतीला आक्षेप आहेत आणि ते सगळेच पोकळ नाहीत. जुने प्रशिक्षक म्हणतात, रामनाथन कृष्णन यांना कोणी लाल चेंडू दिला होता? १९५४ साली ते विंबल्डनच्या कुमार गटात अजिंक्य ठरले आणि १९६० व १९६१ साली पुरुषांच्या उपांत्य फेरीपर्यंत गेले. त्यांचे चिरंजीव रमेश यांनीही १९७९ साली तेच कुमारांचे अजिंक्यपद मिळविले. हे खरेच. परंतु या घरात टेनिस जाणणारे वडील होते आणि त्यांच्यापुढे विद्यार्थ्यांची रांग नव्हती. अशी शिकवण ज्यांना लाभली नाही आणि जी मुले दोन महिन्यांत रॅकेट ठेवून निघून गेली, त्यांची गणना कोणी केलेली नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मूल संथ चेंडूत गरजेपेक्षा जास्त काळ रमले, तर जोरदार चेंडूपुढे त्याची गाळण उडते. वयाचे कोष्टक आंधळेपणाने पाळल्याने काही चांगल्या मुलांची प्रगती रखडते. याला उत्तर हेच, की पायऱ्या चढण्यासाठी असतात, मुक्कामासाठी नव्हे. अंगापिंडाने थोराड आणि हाताने चलाख अशा सात वर्षांच्या मुलीला नारिंगी चेंडू देण्यास कोणतीही हरकत नाही; नऊ वर्षांच्या नवशिक्याला लाल चेंडूवर महिनाभर ठेवण्यातही कमीपणा नाही.

खरा अडथळा मात्र आईवडिलांच्या बाजूने येतो. पुण्यामध्ये आठ व दहा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धा वर्षभर होत असतात. इतर शहरांतही हे लोण पोहोचले आहे. स्पर्धा आली म्हणजे तुलना आली, आणि तुलनेबरोबर घाई आली. शेजारचा मुलगा पिवळ्या चेंडूने खेळतो आणि आपला अजून लाल चेंडूत अडकला आहे, ही टोचणी मुलापेक्षा त्याच्या आईवडिलांना अधिक लागते. लाल चेंडू त्यांना खेळणे वाटतो. फी भरून आपण मुलाला खेळणे खेळावयास का पाठवावे, असा त्यांचा सवाल असतो. प्रशिक्षकाचा उदरनिर्वाह त्या फीवर चालत असल्याने तोही पुष्कळदा नमते घेतो आणि मुलाच्या हाती लवकर पिवळा चेंडू देतो. पालक संतुष्ट होतात. मूल पुन्हा मागच्या रेषेवर जाऊन उंच चेंडू उडवू लागते, आणि ते सामने जिंकतेसुद्धा. कारण त्या वयात त्या मैदानावर जो चेंडू उंच उडवील तोच जिंकतो. या विजयांची किंमत बाराव्या-तेराव्या वर्षी चुकती करावी लागते. त्या वेळी प्रतिस्पर्धी जाळीपाशी येऊ लागतात आणि याला तेथे काय करायचे ते माहीतच नसते.

अशा पालकांना समजाविण्याचा एक उपाय अनुभवी प्रशिक्षक योजतात. ते वडिलांच्याच हाती छोटी रॅकेट देतात आणि लाल मैदानावर त्यांना मुलाशी खेळावयास लावतात. पहिल्या दोनतीन मिनिटांत वडील जोर लावून चेंडू बाहेर मारतात; मग त्यांच्या ध्यानात येते, की येथे जोराचा उपयोग नाही, चेंडू कोठे टाकायचा याचा विचार करावा लागतो, आणि समोरचा सहा वर्षांचा मुलगा तो विचार आपल्याआधी करतो आहे.

लाल पायरीवरून नारिंगीवर केव्हा जावे, याची खूण सोपी आहे. दोन मुले एकमेकांना न सांगता-सवरता दहा-पंधरा वेळा चेंडू परत करू लागली, मुद्दाम कोपरे शोधू लागली, आणि मैदान त्यांना अपुरे वाटू लागले, म्हणजे समजावे की वेळ झाली. पहिल्याच दिवशी जाळीही उंच आणि मैदानही मोठे, असे करू नये. चेंडू बदलावा, मैदान आठवडाभर तेच ठेवावे. मग रेषा मागे सरकवाव्यात. म्हैसूरला मे महिन्यातील वळवाच्या सरी आणि त्यामागून येणारा पाऊस खडूच्या रेषा धुऊन टाकतो. शाळेच्या फरसबंद अंगणात त्या तेलरंगाने काढून ठेवणे बरे: लाल मैदानाच्या तांबड्या, नारिंगी मैदानाच्या पिवळ्या. म्हणजे मधल्या सुटीत शिक्षिका हजर नसली, तरी मुलांना कोठून कोठपर्यंत खेळायचे ते दिसत राहते.